डोळे मिटून ऐकणारा न्यायाधीश

८ एप्रिल, सोमवार

एकवीस वर्षं न्यायासनावर बसून दुसऱ्यांच्या साक्षी लिहून घेतल्या. आता आपली पाळी आली, तर आपलीही कुठेतरी लिहून ठेवावी म्हणून ही वही. वहीला उलटतपासणी घेता येत नाही, एवढा गुण मला पुरे आहे.

दुपारी वॉशिंग्टनला उतरलो. सोबत बहीण ऑगस्टा. तिला येऊ नकोस म्हटलं होतं, तर म्हणाली, "तुला एकट्याला पाठवलं तर पहिल्याच दिवशी कुणाला तरी तुरुंगात टाकशील." कॅपिटॉलच्या मागच्या रस्त्यावर मिसेस डूलीच्या खाणावळीत दोन खोल्या घेतल्या आहेत. जेवणाला उकडलेलं गोमांस होतं आणि त्याहून जास्त उकडलेला कोबी.

हकिगत अशी. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या कागद गिरणीचा बॉयलर फुटून कोवाल नावाचा कामगार मेला. त्याच्या बायकोने गिरणीवर दावा लावला, तो माझ्यापुढे चालला आणि मी फेटाळला. तिचा वकील ओरिन टकेट याने लगेच वर्तमानपत्रात पत्र छापलं, की बॉयलरच्या तज्ज्ञाची साक्ष चालू असताना न्यायाधीश थॅडियस व्हिटलॉक झोपले होते. न्यायालयाचा अवमान केला म्हणून मी त्याला साठ दिवस तुरुंगात पाठवलं. दुसरं काय करणार होतो? मी डोळे मिटून ऐकतो. डोळे उघडे ठेवले की साक्षीदाराचा टाय दिसतो, साक्ष ऐकू येत नाही. आमचे वडील चर्चमध्ये असेच ऐकत.

एवढ्यावरून प्रतिनिधीगृहाने माझ्यावर महाभियोग लावला आहे. आरोप तीन. टकेटला सूडाने डांबलं हा पहिला. न्यायासनावर झोपलो हा दुसरा. तिसरा असा, की एकूण वागण्याने न्यायालयाची अब्रू घालवली. निवाडा सिनेट करणार. हजर असलेल्यांपैकी दोनतृतीयांश लोक 'दोषी' म्हणाले, तर जन्मभराची म्हणून दिलेली खुर्ची काढून घेतात. निवृत्तिवेतनही गेलं आणि नावही गेलं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मग माणसाने काय करायचं, हे घटनेत कुठे लिहिलेलं नाही.

११ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस ग्रंथालयात बसून जुने खटले वाचले. सव्वाशे वर्षांत सिनेटपुढे उभे केलेले न्यायाधीश हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यांतले तिघेच दोषी ठरले. पहिला न्यू हॅम्पशायरचा, दारूने आणि वेडाने हातचा गेलेला. तो आलाच नाही. मुलाने अर्ज पाठवला की बाप भ्रमिष्ट आहे, तरी त्याला काढलं. दुसरा यादवी युद्धात बंडखोरांना जाऊन मिळाला आणि राजीनामा द्यायलाही विसरला. त्याचा खटला एका दिवसात उरकला. तिसरा आपल्यापुढे दावे असलेल्या कंपन्यांशीच धंदा करत होता. म्हणजे एक वेडा, एक फितूर, एक लोभी. या रांगेत माझी जागा कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

उलट मिसुरीचा एक न्यायाधीश आहे. त्याच्या निकालावर टीका छापणाऱ्या वकिलाला त्याने तुरुंगात टाकलं. त्याच्यावर खटला झाला आणि तो सुटला. अगदी माझंच प्रकरण. मी आनंदाने ते माझे वकील प्राउट यांना वाचून दाखवलं.

प्राउट म्हणाले, "साहेब, त्याने वकिलाला किती दिवस टाकलं होतं?"

"एक दिवस."

"तुम्ही साठ टाकलंत. आणि तो सुटल्याबरोबर काँग्रेसने कायदा करून न्यायाधीशांचा तो अधिकार छाटला, ते पुढचं पानही वाचा."

आपणच पैसे देऊन ठेवलेला वकील असं बोलतो. घरचाच आहेर.

१५ एप्रिल, सोमवार

खटला सुरू झाला. सभागृहाच्या चोपदाराने ललकारी दिली की सगळ्यांनी गप्प बसावं, नाही तर तुरुंगात टाकण्यात येईल. मला फार बरं वाटलं. न्यायाच्या जागी हीच भाषा शोभते. टकेटच्या बाबतीत मी याहून वेगळं काय बोललो होतो?

सगळ्या सिनेटरांनी हात वर करून निःपक्षपातीपणाची शपथ घेतली. मग अर्ध्या तासात निःपक्षपाती मंडळी एकेक करून जेवायला गेली. शहाण्णव खुर्च्यांपैकी तीसही भरलेल्या नव्हत्या. फिर्यादीच्या बाजूने बोलणारे काँग्रेसमन फेल्प्स रिकाम्या मेजांपुढे हातवारे करत होते. दक्षिणेकडचे एक वयोवृद्ध सिनेटर तर पोटावर हात बांधून चक्क घोरत होते. एका माणसाच्या आयुष्याचा निवाडा करायला बसायचं आणि घोरायचं! संताप संताप झाला. परतताना ऑगस्टाला म्हटलं, "याला न्याय म्हणायचं का?"

ती म्हणाली, "कुसळ बरं दिसलं तुला."

संध्याकाळभर मी तिच्याशी बोललो नाही.

दिवसभर जागचा हलला नाही तो एकच माणूस, लेम. लेमुएल बार्स्टो, आमच्या राज्याचा सिनेटर. कायद्याच्या कॉलेजात आम्ही दोघं एका खोलीत राहिलो आणि एकच ओव्हरकोट दोन हिवाळे आलटून पालटून घातला. त्याला चाळीस वर्षं झाली. तो पुढ्यात कागद घेऊन शब्दन् शब्द टिपत होता. मित्र असावा तर असा.

१८ एप्रिल, गुरुवार

आज टकेटची साक्ष. त्याचा आवाज गेला आहे. तुरुंगाच्या ओलीने घसा कायमचा बसला, असं त्याचं म्हणणं. बोलतो ते नुसतं कुजबुजल्यासारखं, त्यामुळे सिनेटर मंडळी खुर्च्या पुढे ओढून, कानामागे हात धरून ऐकत होती. असा भाव मला एकवीस वर्षांत कुणी दिला नाही. वकिलाचा आवाज गेला म्हणजे धंदा गेला हे मला कळतं. पण तुरुंग काही मी बांधलेला नाही आणि त्याच्या भिंतींना ओल येते, तीही माझ्या हुकमाने येत नाही.

हवा कोंदट होती. दुपारी घेवड्याचं सूप जरा जास्त झालं होतं. मी माझ्या सवयीप्रमाणे डोळे मिटून ऐकू लागलो. उघडले तेव्हा साक्षीच्या खुर्चीत तुरुंगाचा डॉक्टर बसला होता. टकेटने आवरतं घेतलं असावं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं होतं तरी काय?

प्राउट यांना कोपराने ढोसायची वाईट खोड आहे. उजव्या बरगडीत अजून दुखतं आहे. लेम माझ्याकडे एकटक पाहत होता. मी मान हलवून ओळख दिली, पण त्याचं लक्ष नसावं.

२३ एप्रिल, मंगळवार

आज मी स्वतः साक्षीला बसलो. बायबलवर हात ठेवून सांगितलं, की एकवीस वर्षांत न्यायासनावर मी एकदाही झोपलेलो नाही. फेल्प्सने तास-दीड तास डोकं आपटलं. मी तसूभर हललो नाही.

मग सिनेटरांचे प्रश्न आले. इथल्या नियमाने सिनेटरला तोंड उघडता येत नाही. प्रश्न कागदावर लिहून पाठवायचा आणि अध्यक्षांनी तो वाचून दाखवायचा. सगळे प्रश्न फुटकळ होते. शेवटची चिठ्ठी अध्यक्षांनी आधी मनात वाचली, मग चष्मा पुसला, मग मोठ्याने वाचली. "गुरुवारी या सभागृहात साक्षीदार टकेट यांनी साक्षीच्या अखेरीस काय सांगितलं, ते प्रतिवादींनी थोडक्यात सांगावं."

मला हसू आलं. म्हटलं, "त्याला माझी खुर्ची गेलेली पाहायची आहे, हेच त्याने सांगितलं. पहिल्यापासून त्याच्या मनात माझ्याविषयी आकस आहे. गुरुवारीही त्याने गरळच ओकली."

सगळीकडे शांत झालं. इतकं शांत, की वरच्या गॅलरीत कुणीतरी पंखा मिटला तो ऐकू आला. उत्तर वर्मी लागलं म्हणायचं.

बाहेर आल्यावर प्राउट भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, टकेट म्हणाला होता की त्याच्या मनात तुमच्याविषयी राग उरलेला नाही. तुम्हाला काढा असंही तो म्हणाला नाही. कोवालबाईचा दावा कुणीतरी पुन्हा ऐकावा, एवढंच त्याचं मागणं होतं."

"मग लघुलेखकाने चुकीचं लिहून घेतलं असेल. आणि तो माणूस इतकं हळू बोलतो."

"तो तुमच्यापासून आठ फुटांवर होता, साहेब. शेवटच्या रांगेतल्यांना ऐकू आलं."

मी विषय वाढवला नाही. हल्ली प्राउट यांना विश्रांतीची गरज आहे असं वाटतं. ती चिठ्ठी कुणी पाठवली ते मात्र कळलं पाहिजे.

२४ एप्रिल, बुधवार

सकाळी नाश्त्याच्या वेळी लेम आला. ऑगस्टाने त्याला कॉफी दिली, मक्याची भाकरी आणि मध पुढे ठेवला. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला.

म्हणाला, "थॅड, ती चिठ्ठी माझी होती."

मी म्हटलं, "तू?"

"गुरुवारी मी तुला पाहत होतो. पंधरा मिनिटं पाहत होतो. तो माणूस तुला माफ करत होता आणि तुझी हनुवटी छातीवर टेकली होती. मला वाटलं, विचारलं की तू सांगशील. म्हणशील, मला डुलकी लागली, मी म्हातारा झालो. तेवढं जरी बोलला असतास तरी अर्धं सभागृह तुझ्या बाजूला आलं असतं. झोप कुणाला येत नाही? सिनेटमध्ये तर ती पगारात धरलेली आहे."

मी त्याला डोळे मिटून ऐकण्याची पद्धत समजावून सांगितली. त्याने मध्येच हात वर केला.

"ते राहू दे. अजून वेळ गेलेली नाही. उद्या उभा राहा आणि खरं काय ते सांग. टकेटकडे बघून सांग. नाही जमलं तर निदान मला एकट्याला सांग, इथे, ऑगस्टाच्या देखत. मी तुझ्या बाजूनेच मत देणार आहे. पण ते देताना मनाला टेकायला काहीतरी असू दे माझ्या."

"मी काहीही चुकीचं केलेलं नाही."

"तुझ्यामुळे एका माणसाचा आवाज गेला, थॅड."

"त्याने तो जपून वापरायला हवा होता."

लेम उठला. टोपी घेतली. ऑगस्टाला म्हणाला, "भाकरी छान झाली होती," आणि गेला. भाकरी त्याने खाल्लीच नव्हती.

मला दया दाखवायला आला होता. चाळीस वर्षांच्या मैत्रीत इतका अपमान मला कधी वाटला नव्हता.

२५ एप्रिल, गुरुवार

प्राउट यांनी बोटांवर मोजत हिशेब सांगितला. मतदानाला पंच्याऐंशीजण हजर राहतील. आपले अठ्ठावीस पक्के, बार्स्टो धरून एकोणतीस. दोषी ठरवायला त्यांना सत्तावन्न लागतात आणि त्यांच्याकडे फार तर छप्पन्न आहेत. "तेव्हा साहेब, मंगळवारपर्यंत कुणाला दुखवू नका. कुणालाही म्हणजे कुणालाही."

सुटकेलासुद्धा काही अब्रू असावी लागते. आजच्या पेपरात छापून आलं आहे, की सिनेटर बार्स्टो हे आरोपीचे कॉलेजातले सोबती. म्हणजे मी सुटलो तरी उद्या म्हणणार, दोस्ताने सोडवलं. मला तसली सुटका नको आहे. दुपारी लेमला पत्र लिहिलं: "तुझ्यामाझ्या मैत्रीमुळे तुझ्या मताकडे बोट दाखवलं जाईल. पूर्वीही सिनेटर अशा कारणासाठी बाजूला झालेले आहेत. तूही सभागृहाची परवानगी घेऊन मतदानातून बाजूला हो. मला न्याय हवा आहे, भीक नको."

ऑगस्टाला वाचून दाखवलं. माझ्या मते पत्र उत्तम उतरलं होतं.

ती म्हणाली, "पाठवू नकोस."

"का?"

"सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते ठीक आहे. पण तुझा सुंभ अजून जळायचा आहे, थॅड. तू स्वतः काडी लावतोयस. तुझ्या तोंडावर खरं बोलणारं त्या माणसाशिवाय कोण उरलंय?"

"तू आहेस की."

"माझं ऐकतोस का तू?"

मी स्वतः चालत जाऊन पत्र सिनेटच्या दारावरच्या माणसाच्या हातात दिलं. मन हलकं झालं. प्राउट यांना उगाच सांगत बसलो नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

लेमकडून एका ओळीचं उत्तर आलं: "तू म्हणतोस तसं करतो."

तो जरा आढेवेढे घेईल असं वाटलं होतं.

३० एप्रिल, मंगळवार

संपलं.

सकाळी बहुतेक खुर्च्या भरलेल्या. साक्षी ऐकायला तीस, निकाल द्यायला पंच्याऐंशी. सुरुवातीलाच लेम उभा राहिला. म्हणाला, व्यक्तिगत कारणाने मतदानातून माफी असावी. मिळाली. तो मधल्या वाटेने बाहेर गेला आणि माझ्या मेजाजवळून जाताना थांबला नाही.

प्राउट माझ्याकडे वळले. "हे काय? साहेब, हे काय आहे?"

मी पत्राचं सांगितलं. ते आपल्याच हॅटवर बसले आणि तसेच बसून राहिले. मग पेन्सिल काढून त्यांनी कागदावर भागाकार केला. चौऱ्याऐंशीचे दोनतृतीयांश छप्पन्न. कागद माझ्याकडे सरकवला.

नाव पुकारायचं, सिनेटरने उभं राहायचं, दोन शब्दांपैकी एक बोलायचं. पहिल्या आरोपावर चाळीस जण 'दोषी' म्हणाले. सुटलो. दुसऱ्यावर, म्हणजे झोपेवर, एक्कावन्न. त्या दिवशी न्यायासनावर मी झोपलो होतो हे शाबित झालं नाही, त्यातूनही सुटलो. मी मागे वळून ऑगस्टाकडे पाहिलं. ती हातमोज्याचं बोट ओढत होती.

तिसऱ्या आरोपावर छप्पन्न.

टकेटला डांबलं त्यात गैर नाही, झोपलो असंही नाही, पण दोन्ही मिळून मी न्यायालयाची अब्रू घालवली. दोन शून्यांची बेरीज या लोकांनी छप्पन्न केली. पहिल्या दिवशी घोरणारे ते दक्षिणेकडचे आजोबा काठीवर उभे राहून खणखणीत आवाजात 'दोषी' म्हणाले. त्यांनी माझ्या साक्षीतला एक शब्द ऐकला असेल तर शपथ.

हुकूम वाचून दाखवला. आठ ओळी होत्या. सभागृह पुढच्या कामाला लागलं, कुठल्याशा बंदराच्या गाळाविषयी काहीतरी होतं. जिना उतरताना टकेट दिसला. त्याने हॅट काढली. मी काढली नाही. तो ऑगस्टाजवळ गेला आणि तिच्याशी काहीतरी बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

१ मे, बुधवार

दुपारच्या गाडीने निघायचं. ट्रंकेचे पट्टे आवळत होतो, तेवढ्यात लेम आला. दारातच उभा राहिला. ऑगस्टाने बस म्हटलं, तरी बसला नाही.

मी त्याला सगळं सुनावलं. म्हटलं, "तू नुसता तिथे असतास आणि एक शब्द बोलला असतास, तर पंच्याऐंशी भरले असते. छप्पन्नात त्यांचं भागलं नसतं. एका शब्दाने मी वाचलो असतो, लेम."

"माहीत आहे. मी पण भागाकार केला होता. तुझं पत्र आलं त्याच दिवशी."

"मग गेलास कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मी सांगितलं! आणि तू ऐकलंस? चाळीस वर्षांत कधी माझं ऐकलं नाहीस, ते आत्ताच ऐकायचं सुचलं?"

तो म्हणाला, "थॅड, मी 'निर्दोष' म्हणणार होतो. बायकोला तसं सांगितलं होतं. चार रात्री ते सांगत होतो आणि ती मला विचारत होती, टकेटचं काय? तरी म्हणणार होतो. शपथ घेऊन, उभा राहून, सगळ्यांसमोर तुझ्यासाठी खोटं बोलणार होतो. आणि तुझं पत्र आलं." त्याने हॅट घातली. "उपकार झाले तुझे. मी सुटलो."

"खोटं? त्यात खोटं काय होतं?"

त्याने ऑगस्टाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि माझा शर्ट पुन्हा घडी केला, मघाशी केलेला असूनही. तो गेला. जिन्यावरून त्याची पावलं सावकाश वाजत गेली.

आता गाडीत लिहितो आहे. समोर ऑगस्टा बसली आहे. कालपासून तिने मला एकही टोमणा मारलेला नाही आणि ते मला सोसत नाही. मघाशी तिला विचारलं, घरी गेल्यावर काय करायचं. म्हणाली, तू ठरव, मी कोवालबाईकडे जाणार आहे, टकेटने तिचा पत्ता दिलाय.

एक गोष्ट लिहून ठेवतो. काल तिसऱ्या आरोपाच्या वेळी नावं पुकारत पुकारत कारकून लेमच्या नावापाशी आला आणि त्याला वगळून पुढे गेला. तोवर आकडा कुठे जाणार हे मला कळलं होतं. त्याच्या जागी रिकामी खुर्ची होती आणि तो नाही म्हणूनच मी बुडणार होतो. तरी त्या क्षणी मला बरं वाटलं. तो उभा राहून माझ्याकडे पाहत काय म्हणाला असता, ते मला ऐकायचं नव्हतं.